मानकात बसलं म्हणजे नदीला मानवलं असं नाही

"पाणी प्रक्रिया करूनच सोडलं जातं. सगळे आकडे मानकांच्या आत आहेत. त्यामुळे नदीला बाधा होण्याचा प्रश्नच येत नाही." शिरूर-दौंडकडच्या माणसाला हे उत्तर आता तोंडपाठ झालं आहे. विषय साखर कारखान्याचा असो, औद्योगिक वसाहतीचा असो की पुण्याच्या मैलापाण्याचा असो, ग्रामसभेत कुणी उठून ओढ्याबद्दल विचारलं की हेच ऐकायला मिळतं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर-वणीकडे, कोळसा खाणींच्या विस्ताराबद्दल लोक विचारतात तेव्हाही उत्तर याच धाटणीचं असतं.

या उत्तराचा मला प्रतिवाद करायचा आहे, आणि तो करताना समोरच्या बाजूला द्यायची तेवढी सगळी सवलत मी देणार आहे. समजा, कुणीही चोरी करत नाही. रात्री ओढ्यात टँकर रिकामा होत नाही, वीजबिल वाचवायला प्रक्रियेची यंत्रं बंद ठेवली जात नाहीत, नमुना घेणारा प्रामाणिक आहे आणि अहवालातला प्रत्येक आकडा खरा आहे. एवढं सगळं मान्य केलं तरी ओढ्यातला जीव मरतो. तो का मरतो, हे आपण समजून घेतलं नाही तर चोरी पकडण्यातच आपली सगळी शक्ती जाईल आणि कायदेशीरपणे रिकाम्या होणाऱ्या नद्यांकडे कुणाचं लक्षच जाणार नाही.

आधी घरचं उदाहरण घेऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात ३५१ पट्टे होते. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक. या यादीत सगळ्यात वाईट, म्हणजे पहिल्या प्राधान्याच्या वर्गात आपली शिरूरकडची वेळ नदी आहे आणि तिचा पट्टा 'न्हावरे ते शिक्रापूर' असा नोंदवला आहे. भीमा 'विठ्ठलवाडी ते टाकळी' अशी दुसऱ्या वर्गात आहे. टाकळी म्हणजे जिथून सोलापूर शहर पिण्याचं पाणी उचलतं ते गाव. हे सगळं सरकारच्या स्वतःच्या कागदावर आहे, कुणा आंदोलकाने केलेला आरोप नव्हे.

हे वर्ग ठरतात पाण्याच्या 'बीओडी'वर, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खाऊन टाकतात त्या मापावर. लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिला, सर्वांत वाईट वर्ग. २० ते ३० असेल तर दुसरा. आंघोळीला योग्य अशा नदीत हे माप ३ किंवा त्याहून कमी हवं. आता दुसरा कागद बघा. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची बीओडीची मर्यादा आहे ३०. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. कायद्याचं तंतोतंत पालन करून सोडलेल्या पाण्यानेच एखादी नदी भरलेली असेल, तर ती देशातल्या सर्वांत वाईट वर्गाच्या उंबऱ्यावर उभी असेल. हे कुणी नियम मोडल्यामुळे झालेलं नसेल. नियमच तसा आहे.

तो नियम करताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते. नदीत स्वच्छ पाणी भरपूर असेल, सोडलेलं पाणी त्यात दहापट पातळ होईल आणि ३० चे ३ होतील. पावसाळ्यात ते होतंही. पण फाल्गुन-चैत्रात वेळ नदीला स्वतःचं वाहतं पाणी किती उरतं, हे काठावरच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. भीमेवर वरच्या अंगाला धरणं आहेत आणि खाली कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. ढापे टाकले की आलेलं पाणी जागच्या जागी थांबतं. साखर कारखान्यांचा गाळप हंगामही नेमका दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे नदीतलं पाणी आटत जातं तेव्हाच तिच्यावर सांडपाण्याचा भार सगळ्यात जास्त असतो. 'पाणी पातळ होतं' हे विधान जुलै महिन्यापुरतं खरं आहे, मार्च-एप्रिलमध्ये नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: वेळ आणि भीमा बिघडल्या त्या प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्यामुळे; प्रक्रिया पूर्ण क्षमतेने सुरू झाली की नद्या आपोआप सुधारतील. यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसरा अर्धा भाग खरा नाही. तो का खरा नाही हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम कोळशाकडे वळतो. आमच्या भागात कोळसा नाही, आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे. पण 'प्रक्रिया केली की जीव वाचतो' हा दावा तपासायला कोळसा खाणीच्या पाण्यासारखी दुसरी कसोटी नाही. त्या पाण्यात मैला नसतो, त्याला घाण वास येत नाही आणि बीओडी नगण्य असतो. प्रक्रियेनंतर ते काचेसारखं नितळ दिसू शकतं. तरीही ज्या ओढ्यात ते जातं, तो ओढा रिकामा होतो.

कोळशाच्या थरांत पायराइट नावाचं लोखंड आणि गंधकाचं खनिज असतं. खाण खोदली की त्याला हवा आणि पाणी लागतं. त्यातून तयार होतं गंधकाम्ल, विरघळलेलं लोखंड आणि सल्फेट. मेघालयात जयंतिया टेकड्यांत उंदराच्या बिळांसारख्या खाणी खोदल्या जात. तिथले ओढे आम्लाने इतके मारले गेले की राष्ट्रीय हरित लवादाला २०१४ साली त्या खाणकामावर बंदी घालावी लागली. तिथे प्रक्रियाच नव्हती. जिथे प्रक्रिया होते तिथे पाण्यात चुना घालतात. चुन्याने आम्ल मरतं, लोखंड गाळाच्या रूपाने खाली बसतं आणि सामू (पीएच) ठीक होतो. अहवाल उत्तम येतो. पण सल्फेट जागेवरच राहतं आणि चुन्यातलं कॅल्शियम त्यात नव्याने भर घालतं. म्हणजे प्रक्रियेने आंबट पाण्याचं खारट, जड पाणी केलेलं असतं. क्षार काढायचे तर उलट परासरणासारखी महागडी पद्धत लागते, आणि ओढ्यात सोडायच्या लाखो लिटर पाण्यासाठी तो खर्च सहसा कुणी करत नाही.

विदर्भातल्या कोळशात गंधक कमी आहे, त्यामुळे तिथलं खाणीचं पाणी बहुतेक ठिकाणी आम्ल नसतं. हे मी मान्य करतो. वेकोलिच्या, म्हणजे तिथल्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीच्या, बाजूने बोलणारे हा मुद्दा मांडतात आणि तो बरोबर आहे. मात्र त्यातून 'म्हणून ते निर्धोक आहे' हा निष्कर्ष निघत नाही. पाणी आम्ल नसलं तरी त्यात क्षार, सल्फेट, कडकपणा आणि कोळशाची बारीक भुकटी असते. बहुतेक खाणींत प्रक्रिया म्हणजे हौदात पाणी साठवायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी नाल्यात सोडायचं. तो नाला इरईला, वर्धेला किंवा पैनगंगेला मिळतो. कोळसा खाणींच्या सांडपाण्याची मानकं २००० साली ठरली. त्यात सामू ५.५ ते ९, तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल-वंगण १०, नायट्रेट नायट्रोजन १० असे आकडे आहेत. सल्फेटला मर्यादा नाही, विद्युतवाहकतेला, म्हणजे ज्यावरून पाण्यातले क्षार कळतात त्या मापाला, नाही. नाल्यात काय जगतं याची तर कुठे चौकशीच नाही.

वेकोलिच्या पाण्याबद्दल एक उदाहरण वारंवार दिलं जातं. नागपूरजवळ पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरण्याचा प्रकल्प उभा राहिला. माणूस पितो ते पाणी माशाला कसं बाधेल, असं विचारतात. बाटलीत जातं ते पाणी वेगळं आणि नाल्यात जातं ते वेगळं, हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे: माणूस त्या पाण्यात राहत नाही. तो दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि त्याचं मूत्रपिंड क्षार बाहेर टाकतं. ओढ्यातल्या किड्याचं अंग चोवीस तास त्या पाण्यात असतं. त्याचे कल्ले म्हणजे पाण्यावर उघडी पडलेली नाजूक कातडी. बाहेर क्षार वाढले की आतला तोल सांभाळण्यातच त्याची सगळी ताकद खर्च होते. वाढ खुंटते, कात टाकता येत नाही आणि तो मरतो. त्यासाठी पाण्यात विष असायची गरज नसते.

अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगररांगांच्या कोळसा पट्ट्यात हे नीट मोजलं गेलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ साली शेकडो ओढ्यांच्या नोंदींवरून एक मर्यादा काढली: विद्युतवाहकता ३०० मायक्रोसीमेन्सच्या वर गेली की तिथल्या मूळ जलकीटकांच्या दर वीस प्रजातींमागे एक नाहीशी होऊ लागते. सगळ्यात आधी जाते ती मेफ्लाय, म्हणजे शेपटाला दोन-तीन लांब तंतू असलेली, पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगणारी माशी. तिचं बाकी सगळं आयुष्य पाण्याखाली दगडाला चिकटून जातं. खाणींखालच्या ओढ्यांत सामू चांगला होता, पाणी वाहतं होतं, झाडी होती, तरी ही माशी जवळपास दिसेनाशी झाली होती.

३०० मायक्रोसीमेन्स म्हणजे लिटरला साधारण दोनशे मिलिग्रॅम क्षार. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या मानकांत विरघळलेल्या क्षारांची मर्यादा २१०० मिलिग्रॅम आहे. ती वाहकतेत मोजली तर तीन हजारांच्या आसपास जाते, म्हणजे दहापट. इथे मी घाईने निष्कर्ष काढणार नाही. दख्खनच्या पाषाणातून झिरपणाऱ्या पाण्यात मुळातच क्षार जास्त असतात आणि आपले किडे त्यांना सरावलेले आहेत. अमेरिकेचा आकडा उचलून वेळ नदीला लावणं चुकीचं ठरेल. पण मग आपल्या नद्यांचा, आपल्या किड्या-माशांवरून काढलेला आकडा कुठे आहे? २१०० ही मर्यादा घोड नदी किंवा भीमेतल्या कुठल्या जिवाकडे बघून ठरवली गेली? याचं उत्तर 'मानकं पाळली जातात' असं सांगणाऱ्यांनी द्यायला हवं.

क्षारांचं सोडा. त्याच सर्वसाधारण मानकांत उरलेल्या क्लोरीनची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. मैलापाणी प्रक्रियेनंतर जंतू मारायला क्लोरीन वापरतात, म्हणून हा आकडा शहरांच्या नद्यांना थेट लागू होतो. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अमेरिकेने अल्पकाळाची मर्यादा ठेवली आहे ०.०१९. म्हणजे आपल्याकडे कायद्याने चालतं ते पाणी त्याच्या पन्नासपट क्लोरीन घेऊन नदीत उतरू शकतं. मुक्त अमोनियाला आपली मर्यादा ५ मिलिग्रॅम. अनेक मासे त्याच्या निम्म्याहूनही कमी मात्रेत मरतात. हे आकडे मानकांच्या आतले आहेत, कुणी मर्यादा ओलांडल्याचे नाहीत.

आता टाकीतल्या माशांबद्दल. प्रक्रिया केंद्राच्या शेवटच्या हौदात मासे सोडलेले असतात आणि पाहुणा आला की ते आवर्जून दाखवले जातात. मासे जगतात, म्हणजे पाणी चांगलं. पण ते मासे बहुधा गप्पी असतात, नाहीतर चिलापी. हे दोन्ही परदेशातून आलेले, कमी प्राणवायूत आणि घाण पाण्यात तग धरणारे मासे. वरून खाद्य टाकलं की त्यांना किडे नसले तरी चालतात. आपल्या नियमांत जिवंत प्राण्यावर करायची एकच चाचणी आहे, तीही याच पठडीतली: सांडपाण्यात ९६ तास मासे ठेवायचे आणि त्यातले ९० टक्के जगले की पाणी उत्तीर्ण. चार दिवसांत मासा मेला नाही, एवढंच त्यावरून कळतं. त्याने अंडी घातली का, ती फुटली का, पिल्लांना खायला मिळालं का, यातलं काहीच ती सांगत नाही. भीमेकाठच्या भोई समाजाच्या माणसाला विचारा. मरळ, वाम आता किती मिळतात आणि जाळ्यात चिलापी किती येते, हे तो जागच्या जागी सांगेल. चंद्रपूरकडच्या ढीवरांकडेही अशीच माहिती साठलेली आहे आणि ती कुठल्याच अहवालात शिरत नाही.

ज्याला या सगळ्यावर शंका असेल त्याने दगड उलटून बघावा. वरच्या अंगाचा, अजून सांडपाणी न मिसळलेला ओढा शोधा आणि हिवाळ्यात वाहत्या पाण्यातून नारळाएवढा दगड हलकेच उचला. खालच्या बाजूला चपट्या, तपकिरी, मुंगीएवढ्या अळ्या दगडाला गच्च धरून असतात. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले सतत फडफडत असतात आणि मागे तीन बारीक शेपट्या. शेजारी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून बांधलेली पेराएवढी नळी दिसते. आत एक अळी राहते. कपारीत चतुराचं बेढब पिल्लू, एखादी गोगलगाय, खेकड्याचं कोवळं पोर. माशांच्या पिल्लांचा घास यातूनच येतो. मग सांडपाणी मिळतं त्याच्या खाली या. दगडावर राखाडी, बुळबुळीत धाग्यांचा थर आणि गाळात डोकं खुपसून वळवळणाऱ्या लाल अळ्या. बाकी काही नाही. कोळसा खाणीच्या नाल्यात चित्र आणखी वेगळं असतं. लोखंडाचा बारीक गाळ बसलेला असेल तर दगड तांबूस होतो, बोटाने पुसला तर बोटाला गंज लागतो, आणि त्या थराखाली दगडाच्या फटी बुजून गेलेल्या असतात. फटीत घातलेली अंडी गुदमरतात. गाळ नसेल तर दगड नुसता स्वच्छ, धुतल्यासारखा, आणि खाली काहीच नाही. या रिकामेपणाची नोंद करणारा रकाना आपल्या तपासणीच्या नमुन्यात नाही.

किड्यांसाठी एवढं रान उठवायचं का, असं विचारणारे भेटतात. हे किडे पाण्यात कुजणारा पालापाचोळा खाऊन संपवतात, दगडावरचं शेवाळ खरवडतात, माशांना आणि पक्ष्यांना जगवतात. ते गेले की कुजवण्याचं सगळं काम जिवाणूंवर पडतं आणि नदीचा प्राणवायू आणखी उतरतो. शेतकऱ्यालाही यात स्वार्थ आहे. ज्या क्षारांनी मेफ्लाय मरते तेच क्षार बंधाऱ्यातून उचलून उसाला दिले की वर्षागणिक जमिनीत साठतात. चोपण झालेली, पांढरी फुललेली जमीन भीमेच्या खोऱ्यात दाखवायला फार हिंडावं लागत नाही. ती पुन्हा सुधारायला किती पैसा आणि किती वर्षं जातात, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा. किडा मेला तेव्हाच ही सूचना मिळाली होती. आपण ती वाचली नाही.

मग कारखाने बंद करायचे का? नाही. न्हावऱ्याला साखर कारखान्याचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नाही. घोडगंगा कारखान्याच्या भोवती इथल्या घराघरांचा हिशेब बांधला गेला. विजेसाठी चंद्रपूरचा कोळसा आणखी काही वर्षं लागेल, हेही मला दिसतं. प्रक्रिया निरुपयोगी आहे असं तर मी मुळीच म्हणत नाही. प्रक्रिया न केलेलं पाणी याहून कितीतरी वाईट असतं आणि पुण्याचं मैलापाणी शुद्ध करायला हवंच. माझा आक्षेप एका ठरावीक उडीला आहे. 'आम्ही अमुक चार गोष्टी मोजल्या आणि त्या मर्यादेत आहेत' इथून थेट 'नदीला बाधा नाही' इथे उडी मारली जाते. मधली पायरी, म्हणजे नदीकडे जाऊन बघणं, कुणी चढतच नाही. नळाच्या तोंडाशी घेतलेला नमुना त्या नळाबद्दल सांगतो. नदीबद्दल सांगायला नदीतच उतरावं लागतं.

हे काम अवघडही नाही आणि नवंही नाही. पाण्यातल्या किड्यांच्या कुळांना गुण देऊन त्यावरून नदीची प्रकृती ठरवायची पद्धत जगात अनेक ठिकाणी रुळलेली आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आपल्या नद्यांसाठी तिचे जैविक निकष कधीच बांधले आहेत. लागतं काय तर एक जाळी, पांढरा ट्रे, भिंग आणि ओळख पटवणारा माणूस. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हे काम करू शकतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, देशाचा जलप्रदूषण कायदा होण्याच्याही आधीपासून. इतक्या जुन्या संस्थेने वेळ नदीच्या एका पट्ट्यात वर्षातून दोनदा दगड उलटून बघावेत, ही मागणी मोठी नाही. संमतिपत्र देताना विसर्गाच्या वरच्या आणि खालच्या अंगाची जैविक तपासणी सक्तीची करावी, आणि उन्हाळ्यात नदीला स्वतःचं पाणी नसेल तेव्हा विसर्गाची मर्यादा वेगळी आणि कडक असावी. कोळसा खाणींना सल्फेट आणि वाहकतेची मर्यादा लागू करावी, आणि खाण बंद झाल्यावर खड्ड्यातून झिरपत राहणाऱ्या पाण्याची जबाबदारी कुणाची, हे खाण सुरू होण्याआधी लेखी ठरावं.

१ मेची ग्रामसभा भर उन्हाळ्यात, नदी सगळ्यात हडकलेली असताना भरते. वेळ, घोड आणि भीमेकाठच्या प्रत्येक गावाने त्या सभेत एक ठराव मांडावा, ही माझी विनंती आहे: आमच्या हद्दीत पाणी सोडणाऱ्या प्रत्येकाने रासायनिक अहवालासोबत नदीतल्या जिवांचा अहवाल द्यावा आणि ती तपासणी गावकऱ्यांसमोर व्हावी. ठरावाची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुणे कार्यालयात द्या, पोचपावती घ्या आणि ऑगस्टच्या ग्रामसभेत उत्तर वाचून दाखवायला सांगा.